सूर्याचा वारा आणि चुंबकसूचीची उसळी

होकायंत्रांतील सुई उत्तरेकडे तोंड करून स्वस्थ बसलेली असते, असा सर्वसाधारण समज आहे. खलाशाच्या कामापुरता तो खराही आहे. परंतु रेशमाच्या धाग्यावर टांगलेल्या बारीक चुंबकास लहानसा आरसा चिकटवून त्यांतील प्रतिबिंब दुर्बिणींतून पाहिलें, तर ही स्वस्थता नाहींशी होते. सुई दिवसांतून एकदां हळूहळू एका अंगास कलते व परत येते. आणि कधीं कधीं तर कांहीं तास, कांहीं दिवस, ती अंगांत वारें शिरल्यासारखी थरथरत राहते. ‘वारें’ हा शब्द येथें अलंकार म्हणून आला असला, तरी शास्त्राच्या दृष्टीनेंही तोच यथार्थ ठरला आहे. सुईच्या अंगांत शिरणारें हें वारें खरोखरीचें आहे. तें सूर्यापासून निघतें. आणि त्याच्या दाबांत पडणाऱ्या फरकाची नोंद, त्या वाऱ्याचें नांवही कोणास ठाऊक नव्हतें त्या काळापासून, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत होत आली. या नोंदींचा अर्थ लागण्यास शंभर वर्षें कां लागलीं, आणि तो लागल्यावर काय हातीं आलें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

इ. स. १७४१ मध्यें स्वीडनमधील उप्साला येथें सेल्सियस व त्याचा सहकारी हिओर्टर यांस असें आढळून आलें कीं, आकाशांत ध्रुवप्रकाश चमकूं लागला म्हणजे चुंबकसूचीही अस्वस्थ होते. लंडनमध्यें ग्रॅहम नांवाचा एक कुशल घड्याळजी अशाच सुईचें निरीक्षण करीत असे. त्यालाही त्याच वेळीं तीच अस्वस्थता दिसली. शेंकडों कोसांच्या अंतरावरील दोन सुया एकाच वेळीं हलतात, त्या अर्थीं त्यांना हलविणारें कारण खोलींतलें किंवा गांवांतलें असूं शकत नाहीं, हें उघड झालें. पुढें अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट या जर्मन पंडितानें बर्लिन येथें रात्री जागवून निरीक्षणें केलीं व या प्रकारास ‘चुंबकीय वादळ’ असें नांव दिलें. इ. स. १८३० नंतर गॉटिंगेन येथील गाउस व वेबर यांच्या पुढाकारानें, ठरलेल्या वेळीं सर्वत्र एकदम निरीक्षणें करणाऱ्या वेधशाळांचें जाळें विणण्याचा उपक्रम सुरू झाला. इंग्रज सरकारनेंही आपल्या वसाहतींत तशा वेधशाळा उभारल्या, आणि या जाळ्याचा एक धागा मुंबईपर्यंत येऊन पोहोंचला.

कुलाबा वेधशाळा ही ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ मध्यें, मुख्यत्वेंकरून खगोलनिरीक्षणासाठीं व जहाजांना अचूक वेळ पुरविण्यासाठीं, स्थापिली होती. तेथें १८४१ पासून एल्फिन्स्टन संस्थेंतील प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखालीं चुंबकीय निरीक्षणांस प्रारंभ झाला. ऑर्लेबार यांच्या हाताखालीं ज्या एतद्देशीय तरुणांनीं काम केलें, त्यांत केरो लक्ष्मण छत्रे हे एक होत. पुढें पुण्यास गणिताचे प्राध्यापक म्हणून नांवाजलेले आणि महाराष्ट्रांत ‘केरूनाना’ या नांवानें आदरानें ओळखले जाणारे छत्रे ते हेच. काम मोठें कंटाळवाणें होतें. दर तासाला दुर्बिणीस डोळा लावावयाचा, आरशांत दिसणारा मापपट्टीवरील आंकडा वाचावयाचा आणि तो वहींत उतरावयाचा. सुई अस्वस्थ दिसली तर तासाची वाट न पाहतां दर पंधरा किंवा पांच मिनिटांनीं वाचावयाचा. या आंकड्यांचा उपयोग काय, हें सांगूं शकेल असा मनुष्य तेव्हां साऱ्या पृथ्वीवर नव्हता. तरीही ते लिहिले जात होते.

इ. स. १८५९ च्या सप्टेंबर महिन्यांत या चिकाटीचें चीज झालें. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेस सकाळीं सव्वाअकराच्या सुमारास इंग्लंडमध्यें रेडहिल येथें रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्याचें प्रतिबिंब पडद्यावर पाडून त्यावरील डागांचें चित्र काढीत असतां, डागांच्या एका मोठ्या समूहावर एकाएकीं शुभ्र, डोळे दिपविणारे दोन ठिपके उमटले व पांच मिनिटांत मावळले. हॉजसन नांवाच्या दुसऱ्या एका निरीक्षकानेंही स्वतंत्रपणें हें दृश्य पाहिलें. त्यानंतर सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर चुंबकीय वादळाचा असा कहर उडाला कीं, तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या पडल्या. अमेरिकेंत कांहीं तारमास्तरांनीं विद्युद्घटमाला काढून टाकून केवळ आकाशांतून आलेल्या प्रवाहावर संदेश पाठविले. आणि एरवीं ध्रुवप्रदेशांत दिसणारा प्रकाश थेट कॅरिबियन समुद्रापर्यंत दिसला. सूर्यावरील चमक आणि पृथ्वीवरील वादळ यांची सांगड स्वतः कॅरिंग्टन यांनीं मात्र घाईनें घातली नाहीं. एका उदाहरणावरून सिद्धांत बांधूं नये, असेंच त्यांचें म्हणणें होतें.

त्याच २ सप्टेंबर रोजीं कुलाब्यास निरीक्षक सुईपुढें बसलेले होते. युरोपांतील कित्येक यंत्रांच्या सुया मापपट्टीच्या बाहेर निघून गेल्या व त्यांची नोंद तुटली. कुलाब्याची नोंद टिकली. तींत काय घडलें? पृथ्वीच्या चुंबकत्वाचें जें बल जमिनीला समांतर, उत्तरेच्या दिशेनें काम करतें, त्याला आडवें बल म्हणतात. हें बल आजच्या मापानें सुमारें १२० नॅनोटेस्लांनीं प्रथम वाढलें आणि नंतर कांहीं वेळांतच सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं खालीं कोसळलें. दोन-तीन तासांत त्यांतील बराचसा भाग भरूनही निघाला. तेथील एकंदर आडव्या बलाच्या मानानें ही घसरण शेंकडा चार इतकी होते. कागदावर हा आंकडा क्षुल्लक वाटतो. परंतु विषुववृत्ताच्या इतक्या जवळच्या कोणत्याही वेधशाळेंत एवढी घसरण त्यापूर्वीं किंवा त्यानंतर नोंदली गेल्याचें उदाहरण नाहीं.

घसरण मोठी, म्हणून सर्वांचें लक्ष तिच्याकडे गेलें यांत नवल नाहीं. परंतु या कथेचें मर्म तिच्या आधींच्या छोट्या उसळींत आहे. पुढें वादळांच्या नोंदी साठत गेल्या तेव्हां असें दिसून आलें कीं, बहुतेक मोठ्या वादळांचा आरंभ असाच होतो. सुई शांत असतांना एकाएकीं, दोन-पांच मिनिटांच्या आंत, आडवें बल पायरी चढल्याप्रमाणें वर जातें. कांहीं तास वरच राहतें. मग मोठी घसरण सुरू होते. आणि शेवटीं दोन-तीन दिवस हळूहळू भरपाई होत राहते. शिवाय ही उसळी साऱ्या पृथ्वीवर जवळजवळ एकाच मिनिटांत उमटते. कांहीं प्रसंगीं उसळी येते आणि तिच्यामागून वादळ येतच नाहीं. घसरण्यापूर्वीं सुईनें वर कां चढावें? जें कारण तिला खालीं ओढणार, तेंच तिला आधीं वर कां ढकलतें?

हा प्रश्न नीट मांडण्याइतकी सामग्री गोळा करण्याचें मोठें श्रेय कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांस आहे. योगायोग असा कीं, त्यांचा जन्म १८५९ सालचाच. कुलाब्यास १८७२ पासून छायाचित्रणाच्या कागदावर प्रकाशाच्या ठिपक्यानें सुईची हालचाल आपोआप रेखाटणारीं यंत्रें बसविलेलीं होतीं. त्यामुळें ती उसळी आतां रेषेंतील स्पष्ट पायरी म्हणून दिसूं लागली होती. मूस यांनीं १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांची छाननी करून तीं १९१० मध्यें दोन खंडांत प्रसिद्ध केलीं व वादळांच्या या क्रमाचेंही विवेचन केलें. जगांतील चुंबकत्वाच्या अभ्यासकांना हे खंड पुढें फार उपयोगीं पडले.

परंतु त्यापूर्वीं त्यांना एका निराळ्याच संकटास तोंड द्यावें लागलें होतें. मुंबईंत घोड्यांच्या ट्रामऐवजीं विजेच्या ट्रामगाड्या आणावयाचें ठरलें. रुळांतून व जमिनींतून वाहणारी वीज सुईस आकाशांतील वादळासारखीच नाचविते. ट्राम धांवूं लागल्या असत्या तर सूर्याची नोंद कोणती आणि ट्रामची कोणती, हें ओळखणें अशक्य झालें असतें. मूस यांनीं खाडीपलीकडे मुंबईपासून सुमारें तीस किलोमीटरांवर अलिबाग येथें जागा निवडली. ज्यांत लोहाचा अंश नाहीं अशी खात्री करून घेतलेला पोरबंदरचा दगड इमारतीसाठीं आणविला. इ. स. १९०४ पासून दोन वर्षें कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणीं एकदम निरीक्षणें चालवून दोहोंतील फरक निश्चित करण्यांत आला, आणि मगच कुलाब्याचें काम बंद झालें. विजेची ट्राम मुंबईंत १९०७ मध्यें धांवली. मालिका तुटली नाहीं. एखाद्या घराण्याचा जमाखर्च जुन्या वहींतून नव्या वहींत ओढावा, त्याप्रमाणें ही साठ वर्षांची बाकी अलिबागच्या खात्यावर पुढें ओढली गेली.

नोंदी होत्या, पण कारण सांपडत नव्हतें. सूर्यावरील डागांची संख्या सुमारें अकरा वर्षांच्या चक्रानें कमीअधिक होते, हें श्वाबे यांनीं दाखविलें होतें. चुंबकीय अस्वस्थताही त्याच चक्रानें फिरते, हें १८५२ मध्यें सॅबाइन यांनीं जाहीर केलें होतें. तथापि लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या महर्षीनें १८९२ मध्यें रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून असें गणित मांडलें कीं, सूर्य हा चुंबक होऊन येथील सुई हलवीत असेल, तर आठ तासांच्या एका मध्यम वादळासाठीं त्यास, चार महिन्यांत तो जितका प्रकाश व उष्णता देतो, तितकी शक्ति खर्चावी लागेल. अर्थात् असा संबंध असणें शक्य नाहीं. दिसतो तो योगायोग होय. गणितांत चूक नव्हती. चूक गृहीतांत होती. सूर्य आपली शक्ति दशदिशांस सारखी फेंकतो असें त्यांनीं धरलें होतें. एखाद्या विवक्षित दिशेनें तो कांहीं पदार्थच फेंकीत असेल, ही शक्यता त्या गणितांत नव्हती.

ती शक्यता १९०४ च्या सुमारास ग्रिनिच वेधशाळेंतील वॉल्टर माउंडर यांनीं पुढें आणली. पुष्कळ वादळें सत्तावीस दिवसांच्या अंतरानें परत येतात आणि पृथ्वीवरून पाहतां सूर्यास स्वतःभोंवतीं फिरावयास तितकाच काळ लागतो, हें त्यांनीं दाखविलें. फिरत्या दीपस्तंभाचा झोत ठराविक वेळानें एकाच जहाजावर पडावा, तसा सूर्याच्या एखाद्या भागांतून निघणारा झोत पृथ्वीवर पुनःपुन्हां पडत असला पाहिजे. झोत कसला, याविषयीं वाद माजला. नॉर्वेचे बिर्कलँड यांच्या मतें तो विद्युत्कणांचा होता. त्यावर शुस्टर यांनीं असा आक्षेप घेतला कीं, एकाच जातीचे विद्युत्कण एकमेकांस दूर लोटतात. असा झोत पृथ्वीपर्यंत येण्यापूर्वींच उधळून जाईल. इ. स. १९१९ मध्यें लिंडेमन यांनीं तोड सुचविली: झोतांत धन व ऋण असे दोन्ही प्रकारचे कण समसमान असावेत, म्हणजे एकंदरींत तो उदासीन राहील व फुटणार नाहीं.

या सूचनेवरून सिडने चॅपमन व त्यांचे शिष्य फेरारो यांनीं १९३० पासून जे लेख लिहिले, त्यांत त्या छोट्या उसळीचा उलगडा प्रथमच झाला. त्यांची विचारसरणी अशी: असा झोत विजेचा उत्तम वाहक असतो. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राजवळ आला म्हणजे त्याच्या पुढच्या पृष्ठांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात, आणि ते प्रवाह क्षेत्रास झोतांत शिरूं देत नाहींत व झोतास क्षेत्रांत शिरूं देत नाहींत. झोत पुढें रेटतो; क्षेत्र दबतें; दबेल तसतसें तें अधिक बळकट होतें; आणि शेवटीं जेथें दोहोंचा दाब सारखा होतो तेथें झोत थबकून दोन्ही अंगांनीं पृथ्वीस वळसा घालतो. नदीच्या पात्रांतील खडकाभोंवतीं पाणी फांकावें तसा हा प्रकार होय. अशा रीतीनें पृथ्वीभोंवतीं एक पोकळी तयार होते. तींतील बलरेषा दाटीनें जवळ आलेल्या असल्यामुळें, आणि सीमेवरील प्रवाहाचें चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वांत भर घालीत असल्यामुळें, जमिनीवरील आडवें बल वाढतें. सुईची उसळी ती हीच. हजारों कोसांवरील अदृश्य भिंत सूर्याकडून धक्का बसून आंत सरकली, ही बातमी सुई त्या पायरीनें देते.

मात्र चॅपमन यांच्या कल्पनेंतील झोत वादळापुरताच येणारा होता. एरवीं पृथ्वीभोंवतीं निर्वात शांतता आहे असेंच ते मानीत. ही समजूत पुढच्या तीस वर्षांत पालटली. धूमकेतूची शेपटी नेहमींच सूर्याच्या विरुद्ध बाजूस कां असते याचा विचार करतां करतां जर्मन शास्त्रज्ञ बीरमान यांनीं १९५१ मध्यें असा निष्कर्ष काढला कीं, सूर्यापासून कणांचा प्रवाह सर्व दिशांना व सर्व काळ वाहत असला पाहिजे. इ. स. १९५८ मध्यें शिकागोचे तरुण प्राध्यापक यूजीन पार्कर यांनीं त्याचें गणित मांडलें. सूर्याभोंवतींचें प्रभामंडल दहा लाख अंशांहून अधिक तप्त आहे. इतका तप्त वायु सूर्याच्या आकर्षणास न जुमानतां पसरत जातो आणि ध्वनीच्या वेगासही मागें टाकतो. यास त्यांनीं ‘सौरवात’ म्हणजे सूर्याचा वारा असें नांव दिलें. परीक्षकांनीं तो लेख नापसंत केला. त्या मासिकाचे संपादक सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हे होते. त्यांना स्वतःलाही कल्पना फारशी रुचली नव्हती. परंतु गणितांत दोष सांपडत नाहीं, तेव्हां लेख छापला पाहिजे, असा न्याय त्यांनीं केला. चार वर्षांतच त्याचा निकाल लागला. सोव्हिएत लूना यानांनीं १९५९ मध्यें या वाऱ्याच्या पहिल्या झुळका टिपल्या, आणि १९६२ मध्यें शुक्राकडे निघालेल्या मॅरिनर-२ या अमेरिकन यानास तो वाटेंत अखंड वाहतांना आढळला. तत्पूर्वीं १९६१ मध्यें सोडलेल्या एक्स्प्लोअरर-१२ या उपग्रहास चॅपमन व फेरारो यांची भिंतही प्रत्यक्ष भेटली होती.

म्हणजे भिंत वादळापुरती उभी राहत नाहीं. ती सदैव आहे, आणि वाऱ्याच्या दाबाप्रमाणें आंतबाहेर होत असते. या दाबाचें मान पाहिलें तर मन थक्क होतें. पृथ्वीजवळ सौरवातांत एका घनसेंटिमीटरांत सरासरीनें पांच-सातच कण असतात, आणि त्यांचा वेग सेकंदास सुमारें ४०० किलोमीटर असतो. त्यापासून होणारा दाब सामान्यतः दोन नॅनोपास्कल, म्हणजे भूपृष्ठावरील हवेच्या दाबाचा सुमारें पन्नास लाख कोटीवा भाग! तरीही एवढ्याशा दाबानें पृथ्वीचें चुंबकीय कवच सूर्याच्या बाजूस पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारें दहापट, म्हणजे ६४ हजार किलोमीटर, अंतरावर अडवून धरलें आहे, आणि रात्रीच्या बाजूस तें चंद्राच्याही पलीकडे शेपटीसारखें लांब ओढलें आहे.

सुदैवानें हें कवच सहजासहजीं चेपत नाहीं. पृथ्वीकडे येतां येतां तिचें चुंबकत्व अंतराच्या घनाप्रमाणें वाढतें, आणि त्याचा दाब चुंबकत्वाच्या वर्गाप्रमाणें. म्हणून सूर्याच्या बाजूची भिंत निम्म्या अंतरावर आणावयास वाऱ्याचा दाब चौसष्टपट व्हावा लागतो. दाब नुसता दुप्पट झाल्यास ती शेंकडा अकराच सरकते. जमिनीवरील उसळी दाबाच्या वर्गमुळांतील फरकाच्या प्रमाणांत असते, हेंही आतां निश्चित झालें आहे. दोन नॅनोपास्कलांचा दाब एकदम नऊपट झाला, तर अलिबागसारख्या ठिकाणीं आडवें बल सुमारें चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांनीं वर जातें. तेथील एकूण बल सुमारें ३८ हजार नॅनोटेस्ला असल्यामुळें ही वाढ हजारांत एक इतकीच होते.

वारा पडला तर काय होतें, हें १९९९ च्या ११ मे रोजीं दिसलें. त्या सुमारास दोन दिवस सौरवात इतका विरळ झाला कीं, घनसेंटिमीटरांतील कणांची संख्या एक-पंचमांशापर्यंत खालीं आली. दाब ओसरतांच कवच फुगूं लागलें, व सूर्याच्या बाजूस त्याच्यापुढें असणारा आघाताचा पडदा चंद्राच्या कक्षेच्या अंतरापर्यंत सरकला.

वारा चढल्याचें उदाहरण १९७२ च्या ४ ऑगस्टचें आहे. सूर्यापासून निघालेला एक प्रचंड लोट केवळ १४.६ तासांत पृथ्वीवर आदळला. साध्या सौरवातास एवढ्या प्रवासास चार दिवस लागतात. सूर्याच्या बाजूची भिंत पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारें पांचपटींपर्यंत आंत दाबली गेली. दळणवळणाचे व हवामानाचे कित्येक उपग्रह ज्या भूस्थिर कक्षेंत फिरतात ती साडेसहा त्रिज्यांहून थोडी अधिक अंतरावर आहे. म्हणजे दिवसाच्या बाजूस ती कक्षा कवचाच्या बाहेर, उघड्या वाऱ्यांत पडली. दाबाच्या त्या धक्क्यानें जमिनींत जे प्रवाह उत्पन्न झाले, त्यांमुळें अमेरिकेंतील इलिनॉय व आयोवा या राज्यांना जोडणारी एक दूरध्वनीची तार बंद पडली. उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यालगत अमेरिकन नौदलानें समुद्रांत चुंबकीय सुरुंग पेरलेले होते. लोखंडी जहाज जवळ आल्यानें चुंबकत्वांत फरक पडला कीं ते फुटावयाचे. त्या दिवशीं जवळपास जहाज नसतांना सुमारें दोन डझन सुरुंग अर्ध्या मिनिटांत एकामागून एक फुटल्याचें वैमानिकांनीं पाहिलें. चौकशीअंतीं सूर्यामुळें उद्भवलेलें चुंबकीय वादळ हेंच कारण नौदलानें ग्राह्य धरलें.

त्याहून विलक्षण प्रकार २४ मार्च १९९१ रोजीं घडला. पृथ्वीभोंवतीं वेगवान विद्युत्कणांचे दोन पट्टे नेहमींच असतात. त्या दिवशीं आलेल्या एका जबर धक्क्यानें कवच आंत दाबलें गेलें. त्या दाबाची लाट पृथ्वीभोंवतीं फिरत असतां तिनें वाटेंतील कणांना आंत ढकलून त्यांची शक्ति अतोनात वाढविली. आणि एक-दोन मिनिटांत दोन पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेंत तिसरा नवा पट्टा तयार झाला. क्रेस नांवाचा उपग्रह नेमका त्याच वेळीं तेथें असल्यामुळें हें दृश्य यंत्रांनीं टिपलें. जमिनीवर दिसली ती केवळ तीक्ष्ण अशी एक उसळी.

परंतु दाब म्हणजेच सर्व कांहीं, असें मात्र समजूं नये. वारा आपल्याबरोबर सूर्याचें थोडेंसें चुंबकत्वही वाहून आणतो, आणि त्याची दिशा कोणती यावर पुढचें सारें अवलंबून असतें. इ. स. १९६१ मध्यें जेम्स डंगी यांनीं दाखविलें कीं, तें चुंबकत्व दक्षिणाभिमुख असलें तर समोरच्या बाजूस तें पृथ्वीच्या उत्तराभिमुख बलरेषांशीं जोडलें जातें, भिंतीला जणूं दार पडतें, आणि वाऱ्याची शक्ति आंत लोटते. मग पृथ्वीभोंवतीं वर्तुळाकार वाहणारा एक विद्युत्प्रवाह बळावतो व त्याच्या विरोधामुळें आडवें बल घसरतें. आरंभींची उसळी दाबाची आणि नंतरची घसरण दिशेची, असा हा कारणभेद आहे. एकाच लोटाबरोबर दोन्ही येतात म्हणून तीं एका मागून एक दिसतात. दिशा अनुकूल नसली तर उसळीमागून वादळ येत नाहीं, या जुन्या कोड्याचाही येथेंच उलगडा होतो. इ. स. १९७२ च्या त्या वादळांत दाब भयंकर असूनही चुंबकत्वाची दिशा बराच काळ उत्तरेकडे राहिल्यामुळें जागतिक घसरण सुमारें १२५ नॅनोटेस्लांवरच थांबली. याउलट १३ मार्च १९८९ रोजीं ती ५८९ पर्यंत गेली, आणि कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज दीड मिनिटांत कोसळून सुमारें साठ लाख लोक नऊ तास अंधारांत राहिले.

हें सारें ज्ञान हातीं घेऊन शास्त्रज्ञ पुन्हां कुलाब्याच्या जुन्या वह्यांकडे वळले. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोंझालेस आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेंतील गुरबक्ष लखिना व शोभना अॅलेक्स यांनीं २००३ मध्यें १८५९ च्या त्या आंकड्यांवरून वादळाचें स्वरूप नव्यानें मांडलें. कुलाब्याची ती संपूर्ण घसरण वर्तुळाकार प्रवाहाचीच मानावी, कीं तींत वातावरणाच्या वरच्या थरांतील स्थानिक प्रवाहांचाही वांटा होता, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहे. तासाची सरासरी घेतल्यास घसरण बरीच कमी भरते, असेंही कित्येक दाखवितात. परंतु वाद करणारे दोन्ही पक्ष आधार घेतात तो त्या एकाच वहीचा.

आज सूर्याच्या वाऱ्याचा दाब तो पृथ्वीवर पोहोंचण्यापूर्वींच मोजला जातो. २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालेलें आदित्य-एल१ हें भारतीय यान जानेवारी २०२४ मध्यें पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर सूर्याच्या दिशेस आपल्या ठिकाणीं स्थिर झालें. वाऱ्यांतील कण व चुंबकत्व मोजणारीं यंत्रें त्यावर आहेत. सूर्याचीं अतिनील प्रकाशांतील चित्रें घेणारी त्यावरची दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेनें सिद्ध केली आहे. साधा सौरवात तेथून पृथ्वीवर यावयास तासभर घेतो. मोठ्या लोटाच्या बाबतींत अर्धा तासही हातीं लागत नाहीं. विजेच्या जाळ्यांचे चालक आणि उपग्रहांचे रखवालदार यांना सावधगिरीसाठीं मिळणारा अवधि तेवढाच.

अलिबागची वेधशाळाही आपलें काम करीत आहे. यानांचीं निरीक्षणें १९६० च्या सुमारास सुरू झालीं. सूर्याचीं त्यापूर्वींचीं सारीं चक्रें सुईनेंच पाहिलेलीं आहेत. दहा मे २०२४ रोजीं आलेल्या वादळांत लडाखमधील हान्ले येथून आकाश तांबूस झालेलें दिसलें, तेव्हां हें वादळ १८५९ च्या मानानें केवढें, असा प्रश्न साहजिकच विचारला गेला. यानांच्या आंकड्यांशीं ताडून पाहण्यासाठीं १८५९ सालीं अवकाशांत कांहींच नव्हतें. दोन्ही वादळें ज्या एका मापानें मोजतां येतात, तें माप म्हणजे कुलाब्याहून अलिबागेस नेलेली ती न तुटलेली नोंद होय.